‘ळ’ची कळ

माझ्या बदलीचा आदेश मी पहिल्यांदा वाचला तो माझ्याच टेबलावर, अनुवाद करायला आला तेव्हा.

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात प्रत्येक आदेश इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघायचा. कार्मिक विभाग इंग्रजी मसुदा पाठवायचा, अनुवाद विभाग त्याचं हिंदी करून द्यायचा आणि मग दोन्ही कागद एकत्र सहीला जायचे. अनुवाद विभाग हे नाव भारदस्त आहे, पण त्यात माणसं दोनच होती, आमचे साहेब आणि मी. साहेब सही करायचे, बाकीचं मी. त्या दुपारी डबा धुऊन परत आले तर टेबलावर लाल चिठ्ठी लावलेली फाइल होती. मी नेहमीसारखी सुरुवात केली. ‘निम्नलिखित कर्मचारी का स्थानांतरण तत्काल प्रभाव से डाक अनुभाग में किया जाता है।’ इतकं टाइप करून ‘तत्काल प्रभाव से’ ठेवावं की साधं ‘तुरंत’ लिहावं, यावर मी चक्क मिनिटभर विचार केला. मग कर्मचाऱ्याचं नाव लिहायला मसुद्यात पाहिलं, तर नाव माझं होतं.

मी हबकलेच. रडूबिडू आलं नाही. आधी संताप आला, की निदान हा एक कागद तरी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचा होता! पण दुसरं होतं कोण? फाइल बंद करून मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर माळी शांतपणे गुलाबाच्या वाफ्यांना पाणी घालत होता आणि मला त्याचासुद्धा राग आला.

डाक अनुभाग म्हणजे गेटाजवळची खोली. आलेल्या पाकिटांवर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि ती पुढे पाठवायची. काम वाईट नाही, पण ते माझं नव्हतं. मी सव्वीस वर्षं कामगारांच्या सुरक्षा पुस्तिका हिंदीत आणत होते. भट्टी कशी पेटवायची, क्रेनखाली कुठे उभं राहायचं नाही, वाफेचा वाल्व कधी उघडायचा. शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं चालतात त्या शेडमध्ये, गेले की माझ्या पुस्तिकेची पानं तेलकट बोटांनी काळी झालेली दिसायची. तिच्यावर माझं नाव नसायचं, पण वाक्यं माझी असायची. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि ती मला त्याच टेबलावर काढायची होती. यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

हे टेबल जायची पाळी का आली, ते सांगते.

वर्षभरापूर्वी क्वार्टरच्या मागच्या अंगणात शेवाळावरून माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण माउस हातात धरून चार वेळा इकडून तिकडे नेला की मनगटातून अशी कळ जायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून मी माउस सोडला आणि सगळं कीबोर्डवरून करायला शिकले. कीबोर्डवरच्या बटणांना मी कळाच म्हणते. नागपूरला टायपिंगच्या वर्गात बाईंनी तोच शब्द शिकवला होता. तर एका कळेने मनगटात येणारी दुसरी कळ वाचवायची, असा माझा हिशेब होता.

त्याच सुमारास कार्यालयातले सगळे संगणक लिनक्सवर गेले. माझं काही बिघडलं नाही, उलट बरंच झालं. स्क्रीनवर डावीकडे इंग्रजी पुस्तिकेची खिडकी, उजवीकडे माझ्या हिंदीची, मागे शब्दकोशाची. ऑल्ट आणि टॅब दाबलं की पुढची खिडकी यायची. त्यात शिफ्ट मिळवलं की मागची. चौकटीचं चित्र असलेली कळ धरून डी दाबलं की सगळ्या खिडक्या एकदम बाजूला आणि एच दाबलं की समोरची तेवढी झाकली जायची. आठवडाभरात माझी बोटं पेटीवर फिरावीत तशी फिरू लागली. साहेब एकदा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, ‘‘वाह मैडम, आपने तो चूहे की छुट्टी कर दी।’’

आणि मग कळा दगा द्यायला लागल्या.

सरळ बिघडल्या असत्या तर मी तक्रार लिहून मोकळी झाले असते. पण त्या कधी चालायच्या, कधी नाही. सकाळी दहा वाजता डी दाबलं की खिडक्या बाजूला, साडेदहाला दाबलं तर ढिम्म. मागच्या खिडकीत जायचं तर एकदा जायची, एकदा नाही, तिसऱ्यांदा भलतीकडेच. मी पहिल्यांदा स्वतःच्या बोटांना दोष दिला, मग मनगटाला, मग चष्म्याला. कंप्यूटर विभागात फोन केला. त्यांचा माणूस आला, त्याने संगणक बंद करून चालू केला, डी दाबलं, खिडक्या बाजूला. एच दाबलं, खिडकी झाकली. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चहाला सोबत म्हणून त्याला बोलावून घेतलं होतं. तो जिना उतरेपर्यंत सगळं चाललं. नंतर मी दोन ओळी लिहिल्या आणि डी पुन्हा मेलं. मी चाटच पडले.

कीबोर्ड बदलून दिला. तरी तेच. दुसरा माणूस आला, त्याच्या समोर पुन्हा सगळं सुतासारखं सरळ. साहेबांना आता मजा वाटायला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत चार लोकांसमोर ते म्हणाले, ‘‘मैडम, इसको मराठी में डाँटिए, शायद सुन ले।’’ सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो याच कारखान्यातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेला, तीस वर्षं यंत्रांच्या खराब्या पकडण्यात घालवलेला माणूस. भेंडी चिरता चिरता म्हणाला, ‘‘अगं, मशीन मूडवर चालत नसते. बिघाड कधी होतो ते लिहून ठेव. आम्ही शिफ्टमध्ये रजिस्टर ठेवायचो ना, तसं.’’

‘‘मी काय तुमच्या शॉपमध्ये आहे?’’ मी म्हटलं. तेव्हा ऐकलं नाही.

ऐकलं ते ‘न’ गेल्यावर. वाफेच्या वाल्वची पुस्तिका छपाईला जायची होती. शेवटचं वाचन करताना एका ओळीवर माझी नजर थांबली. ‘दाब कम होने तक वाल्व खोलें।’ मी तीच ओळ तीनदा वाचली. मी लिहिलं होतं ‘वाल्व न खोलें’. मधला ‘न’ नव्हता. काय झालं असणार ते हळूहळू उलगडलं. शब्दकोशाच्या खिडकीत जायची कळ मी दाबली, आपण गेलो असं समजले, तिथला आधीचा शब्द पुसायला पुसायची कळ दाबली. प्रत्यक्षात मी पुस्तिकेतच होते आणि पुसला गेला तो ‘न’. त्या एका अक्षराच्या भरवशावर कुणीतरी उकळत्या वाफेसमोर उभं राहणार होतं. पाच मिनिटं मी नुसती मांडीवर हात ठेवून बसले होते.

मी स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. लपवता आलं असतं, कारण चूक मीच पकडली होती. साहेबांचा चेहरा उतरला. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ‘‘मैडम, यह तो बहुत ख़तरनाक बात है,’’ ते म्हणाले. ‘‘आपकी तबीयत, हाथ... कोई हल्का काम देख लेते हैं।’’ अनुवाद बाहेरून करून घेता येईल, असंही म्हणाले. दोष त्या यंत्राचा होता आणि हलकं काम मला मिळणार होतं.

त्या दिवसापासून मी रजिस्टर ठेवलं. वही नाही, संगणकातच एक फाइल. आणि ती मराठीत लिहिली, कारण संतापात माझ्याकडून दुसऱ्या भाषेत लिहिलं जात नाही.

इथे माझ्या मराठीची गोष्ट सांगायलाच हवी. लग्न होऊन नागपूरहून कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आले त्या दिवशी क्वार्टरच्या दारावरची पाटी बघून मला धक्का बसला होता. आमच्या आडनावात मधोमध ळ आहे. पाटीवर ल होता. मी नव्या नवऱ्याला पहिली गोष्ट विचारली ती ही, की हे कुणाचं घर आहे? तो हसला. ‘‘इथे ळ नसतो गं. हिंदीत नाहीच तो. आदत होऊन जाईल.’’ सेवा-पुस्तिकेत ल, ओळखपत्रात ल, गॅसच्या पुस्तकात ल, दवाखान्याच्या कार्डावर ल. मला काही ती आदत झाली नाही. कागद हातात आला की मी पेनाने ल चा ळ करायची आणि समोरचा कारकून माझ्याकडे दयेने बघायचा. साहेब ‘भोपाल’ म्हणायचे, मी ‘भोपाळ’ म्हणायचे, आणि सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांना सुधारत होतो.

म्हणून नवे संगणक बसवायला आलेल्या माणसाने ‘‘मैडम, और कुछ चाहिए?’’ असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘‘मला ळ पाहिजे.’’ तो गोंधळला. हिंदीत हे अक्षर नसतं म्हणाला. मग मी हटून बसल्यावर त्याने मराठीचा कीबोर्ड वेगळा बसवून दिला. ‘‘ऑल्ट-शिफ्ट साथ में दबाइए, मराठी आएगी। फिर दबाइए, चली जाएगी। ल वाला बटन शिफ्ट के साथ, आपका ळ।’’ मी दाबलं. स्क्रीनवर माझं आडनाव जसं आहे तसं उमटलं. इतकी वर्षं हाताने दुरुस्त केलेलं अक्षर न खोडता आलं. मला भरून आलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. पुढे त्या माणसाची बदली झाली.

तर रजिस्टर मराठीत चाललं होतं. बिघाड झाला की मी लगेच ऑल्ट-शिफ्ट दाबून मराठीत जायची आणि नोंद करायची. महिन्याभरात नोंदींची पानं झाली. पण त्यातून मला काही कळेना. एक गोष्ट मात्र दिसत होती आणि तिने मी आणखी घाबरले. रजिस्टर सुरू केल्यापासून बिघाड वाढले होते. नोंद केली की पुढची कळ हमखास मरायची. मला वाटलं, नवरा खोटं बोलला नाही, यंत्राला मूड नसतो. मूड माझाच जातो आहे. त्या महिन्यात मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, की बाई, तुझं डोकं चालेनासं झालंय.

आणि मग ती लाल चिठ्ठीची फाइल आली.

मी तो आदेश पूर्ण अनुवादित केला. ‘तत्काल प्रभाव से’ तसंच ठेवलं. नाव लिहायची वेळ आली तेव्हा ऑल्ट-शिफ्ट दाबलं आणि ळ घालून लिहिलं. जायचंच आहे तर आपल्या नावाने जाऊ, असा माझा तोरा होता. साहेबांनी खाली मान घालून सही केली आणि कागद कार्मिक विभागात गेला.

तीन दिवसांनी तो परत आला. समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘कर्मचारी का नाम सेवा-पुस्तिका से मेल नहीं खाता। कृपया पुष्टि करें कि यह वही व्यक्ति है।’ मी ते वाचलं आणि थक्क झाले. सव्वीस वर्षं ज्यांच्या प्रत्येक आदेशाचं हिंदी मी केलं, ते विचारत होते की ही तीच आहे का. कागद साहेबांच्या टेबलावर पडून राहिला, कारण त्यांना लेखी पुष्टी करायची होती आणि ते काम त्यांना मनापासून करवत नव्हतं.

त्याच दिवशी कंप्यूटर विभागातून एक इंजिनिअर बाई आली. तिशीची असेल, शहराबाहेरच्या मिसरोदहून स्कूटीवर यायची. मी जाणार म्हणून माझा संगणक साफ करून परत न्यायला तिला पाठवलं होतं. मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, ‘‘नेण्याआधी हे वाच,’’ आणि रजिस्टर उघडून दिलं. साहेबही उठून आले. लिपी एकच, म्हणून साहेब मोठ्याने वाचायला लागले. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण तोवर उशीर झाला होता.

‘‘ ‘सोमवार, सकाळी अकरा. मागच्या खिडकीची कळ दाबली. गेली नाही. साहेबांनी चेष्टा केली.’ ’’ साहेब थांबले आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘‘हाँ, चेष्टा तो हमने की थी। दो बार आदमी बुलवाया।’’ पुढे वाचू लागले. ‘‘ ‘बुधवार. डी चालत नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर चेष्टा केली. फार राग आला.’ राग? कौन-सा राग, मैडम?’’

इंजिनिअर बाईने तोंडावर ओढणी धरली. माझा मात्र संयम संपला होता. टेबल तर जातच होतं.

‘‘सर, मराठी में चेष्टा मतलब कोशिश नहीं होता,’’ मी म्हटलं. ‘‘मज़ाक उड़ाना होता है। और राग मतलब ग़ुस्सा।’’

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘आज आदेश आला. सव्वीस वर्षांच्या कामाची ही शिक्षा.’ त्यांनी हळूच विचारलं, ‘‘और यह शिक्षा? पढ़ाई नहीं?’’

‘‘सज़ा,’’ मी म्हटलं.

साहेब खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत त्यांना माझ्या टेबलापाशी बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. ‘‘मुझे तो लगता था आप भी हँसती हैं,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, हसत होते, दुसरं काय करणार. ते खरोखर हादरले होते. त्यांना माहीतच नव्हतं, यावर माझा विश्वास बसेना, पण चेहरा बघून बसला.

इंजिनिअर बाई मात्र अजून रजिस्टरच बघत होती. तिने विचारलं, ‘‘मैडम, यह मराठी आप लाती कैसे हैं?’’

‘‘ऑल्ट-शिफ्ट.’’

‘‘और पीछे वाली खिड़की में जाने के लिए?’’

‘‘ऑल्ट, शिफ्ट, टॅ...’’ शब्द तोंडातच राहिला. मी माझ्याच बोटांकडे पाहिलं. ती ऑल्टवर आणि शिफ्टवर ठेवलेलीच होती.

मग तिने सगळं करून दाखवलं. दोन्ही कामांना एकच जोडी होती. कुठलं बोट आधी पडेल तसं यंत्र समजायचं. कधी खिडकी बदलायचं, कधी भाषा. भाषा बदलली की आतून सगळा कीबोर्ड मराठी व्हायचा. मग डी च्या जागी डी उरायचंच नाही, तिथे देवनागरीची खूण असायची, आणि ‘खिडक्या बाजूला करा’ हा हुकूम यंत्रापर्यंत पोचायचाच नाही. संगणक बंद करून चालू केला की तो पुन्हा इंग्रजीपासून सुरू व्हायचा. म्हणून माणूस आला की सगळं ठीक.

‘‘मग मला दिसलं कसं नाही?’’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘‘अक्षरं बदलली असती तर मला कळलं असतं!’’

‘‘वही तो,’’ ती म्हणाली. ‘‘अक्षर बदलते ही नहीं।’’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदी एका टायपिंगच्या प्रोग्रॅममधून यायची आणि खालचा कीबोर्ड इंग्रजीच राहायचा. मराठी आली की खालचा कीबोर्डच बदलायचा. पण दोन्हीकडे क च्या कळेवर क, म च्या कळेवर म. इंग्रजी टाइप करणाऱ्याला भाषा बदलल्याचं पहिल्याच शब्दात कळलं असतं. मी दिवसभर मराठीच्या कीबोर्डवरून हिंदी लिहीत होते आणि हिंदी बरोबर उमटत होती. मला कळणार कसं? आणि बिघाडाची नोंद करायला मी मराठीत जायची, परतायला विसरायची, म्हणून पुढचा बिघाड. माझं रजिस्टरच रोग पसरवत होतं. मी कपाळाला हात लावला. डोकं चालत होतं माझं, हे समजून जे हायसं वाटलं ते अजून आठवतं.

‘‘मराठी हटा देती हूँ, सब ठीक हो जाएगा,’’ ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत तिने हटवलीसुद्धा.

‘‘अगं! मग माझं नाव?’’ मी तिचा हात धरला. ‘‘माझा ळ?’’

तिला आश्चर्य वाटलं. ‘‘ळ तो हिंदी वाले में भी है, मैडम। ल पर शिफ्ट।’’

मी हिंदीतच ल ची कळ शिफ्ट धरून दाबली. ळ आला.

त्या दिवशी बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा. ज्या अक्षरासाठी मी हटून बसले, वेगळा कीबोर्ड मागून घेतला, ज्याच्यापायी वाल्वसमोरचा ‘न’ पुसला गेला आणि माझं टेबल जायची वेळ आली, ते ल च्याच कळेवर वरच्या बाजूला बसलेलं होतं. हिंदीत ळ नसतो असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी, भांडत का होईना, ते खरं मानलं होतं. एकदा कळ दाबून पाहायचं मला सुचलं नाही.

साहेब उठले. स्वतःच्या टेबलावरून तो परत आलेला आदेश घेऊन आले आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या लाल शाईखाली लिहिलं, ‘पुष्टि नहीं की जा सकती।’ माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘इस नाम का कोई आदमी रिकॉर्ड में नहीं है। हम क्या करें?’’ कागद गेला तो गेलाच. नाव दुरुस्त करून नवा आदेश काढायची साहेबांनी शिफारस केली नाही, आणि सरकारी कारखान्यात शिफारशीशिवाय कागद स्वतःहून चालत येत नाही. मी टेबलावर राहिले. ळ मुळे जाणारं टेबल ळ मुळेच वाचलं. तीन वर्षं मी पुस्तिका केल्या आणि एकाही वाक्यातला ‘न’ हलू दिला नाही. साहेब अजून थट्टा करायचे, पण करण्याआधी विचारायचे, ‘‘मैडम, चेष्टा करूँ?’’

शेवटचा आदेश माझ्या निवृत्तीचा होता. तोही अनुवादाला माझ्याकडेच आला. त्यात जड काही नव्हतं, पाच ओळी. मी त्या केल्या, छापल्या, सही झाली आणि प्रत घेऊन मी कोलार रोडच्या आमच्या नव्या फ्लॅटवर गेले. क्वार्टर सोडून आठ दिवस झाले होते आणि घरात अजून खोकी उघडायची होती. नवरा दारातच उभा होता. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने कागद सोडला. आत पितळेची पाटी होती आणि तिच्यावर आमचं आडनाव. मधोमध ळ, चांगला खोल कोरलेला.

‘‘कोरणारा म्हणत होता, ऐसा अक्षर होता ही नहीं,’’ नवरा म्हणाला. ‘‘तीन चकरा मारल्या. कागदावर काढून दिला त्याला.’’ हाच माणूस मला म्हणाला होता, आदत होऊन जाईल. मी पाटीवरून बोट फिरवत राहिले.

त्याने माझ्या हातातला आदेश घेतला आणि चष्मा लावून वाचला. वाचून थांबला.

‘‘हे तूच टाइप केलंस ना?’’

‘‘मीच. दुसरं कोण करणार?’’

‘‘मग हा ल कसा?’’

मी कागद ओढून घेतला. नाव माझं होतं आणि मधोमध ल होता. शिफ्टची कळ माझ्या करंगळीखाली होती. कुणी मला अडवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. कागद परत येईल या भीतीने लिहिला असेल की आदतच झाली होती, ते मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. लिहिताना माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

नवऱ्याने आदेश फाइलमध्ये ठेवला, आतून स्टूल आणलं आणि पाटी लावायला मला खिळे धरायला सांगितले.